वाळूने भरलेली इंजिनं: नागपट्टिणमचे पाच दिवस

काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिक होते. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर, जानेवारी २००५ मध्ये, दीड महिन्याची रजा टाकून ते एका मदत पथकाबरोबर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिणमला गेले. परत आले तेव्हा आठ किलो वजन उतरलं होतं आणि तोंडात तीन तमिळ शब्द बसले होते: तण्णी, वांगो, साप्टाच्चा. पाणी, या, जेवलात का. तिथे काय पाहिलं हे ते घरात कधी बोलले नाहीत. इंजिनांबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचे. वाळू कुठवर शिरली होती, खाऱ्या पाण्याने पिस्टन कसे जाम झाले होते, नोझलची भोकं सुईने कशी मोकळी केली. २०२४ च्या दिवाळीत फराळाचं ताट बाजूला सारून एकदम म्हणाले, "अगं, डिसेंबरात वीस वर्षं होतात. येतेस का बरोबर?"

२४ डिसेंबर: तंजावर, मग नागपट्टिणम

चेन्नईमार्गे तंजावर गाठलं. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. तंजावरला सर भेटले. नागपट्टिणमच्या शाळेत अनेक वर्षं शिकवून निवृत्त झालेले, घरी तंजावरी मराठी बोलणारे. २००५ मध्ये काकांच्या पथकाचे दुभाषे तेच होते. त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी वाटते, पण वाक्याचं शेपूट तमिळ हेल घेऊन वर जातं. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख दाखवल्याशिवाय ते कुणाही मराठी माणसाला पुढे जाऊ देत नाहीत. आम्हालाही जाऊ दिलं नाही.

काका आणि सर समोरासमोर आले तेव्हा मला वाटलं होतं, मिठी वगैरे मारतील. सर म्हणाले, "केस गेले तुमचे." काका म्हणाले, "तुमचे दात." झालं.

तिरुवारूरवरून नागपट्टिणमपर्यंत दुतर्फा भातशेती. डिसेंबर म्हणजे इथे ईशान्य मान्सूनचा शेवटचा टप्पा. आपल्याकडे आषाढात दिसावं तसं सगळं हिरवं आणि चिखलाचं. महिनाभरापूर्वीच फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ आदळून गेलं होतं. वरच्या भागाला पुराने झोडपलं होतं.

जाणार असाल तर एक सांगते. नाताळाच्या आठवड्यात वेळांकण्णीला राहायला जागा मिळणं कठीण. नागपट्टिणमला उतरा, वेळांकण्णी तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री टिकू देत नाही.

२५ डिसेंबर: अक्करैपेट्टै, कीचांकुप्पम

सकाळी काकांना त्यांचा पूल दाखवायचा होता. अक्करैपेट्टैच्या पुलाला ट्रॉलर येऊन धडकले होते, एकावर एक रचल्यासारखे पडले होते, एवढंच त्यांनी रिक्षात सांगितलं. पुलावर पोहोचलो तर खाली रंगवलेल्या होड्या ओळीने उभ्या, वर बर्फाचे टेम्पो आणि हॉर्न. काका कठड्याला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग वळून म्हणाले, "मला काहीच ओळखू येत नाही."

ओळखू येणारही नाही. इथली बरीच माणसं आता इथे राहतच नाहीत. सुनामीनंतर सरकारने भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्यांपुढे पर्याय ठेवला: आत सरका, नवीन पक्कं घर घ्या. त्या वसाहतींना आजही सगळे 'सुनामी कुडियिरुप्पु' म्हणतात, म्हणजे सुनामी वसाहत. रिक्षावाल्याला पत्ता तसाच सांगायचा. तिथे जन्मलेली पोरं आता कॉलेजात जातात आणि फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात सुनामी असं लिहितात. मला ते ऐकून कसंतरी झालं. सरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. म्हणाले, "नाव आहे म्हणून विचारतात तरी, का पडलं."

घरं मिळाली, पण समुद्र लांब गेला. जाळी, इंजिन, करुवाडु म्हणजे सुकी मासळी हे सगळं किनाऱ्यावरच. त्यामुळे बायका पहाटे पाट्या घेऊन येतात आणि उन्हं उतरली की परत जातात. अशाच एका बाईंनी आम्हाला ताडपत्रीखाली बसायला जागा दिली. साठीच्या असतील. वाळत घातलेल्या मासळीवर पावसाचा थेंब पडला की बोलता बोलता उठायच्या, पाटी झाकायच्या, परत येऊन वाक्य सोडलं होतं तिथून उचलायच्या. सर भाषांतर करत होते.

२६ डिसेंबर २००४. तो रविवार होता, पौर्णिमा होती. सुमात्राजवळ समुद्राचा तळ सकाळी साडेसहाच्या सुमारास फाटला, आपल्या वेळेप्रमाणे ६ वाजून २८ मिनिटांनी. तीव्रता ९.१, आणि फाटत गेला तो हजार किलोमीटरहून अधिक. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ पाण्याखाली गेला तेव्हा नागपट्टिणमला चुली पेटल्या होत्या. लाट इथे आली नऊच्या सुमारास. म्हणजे मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता. दोन तासांत इथून तंजावर येतं. हे गणित त्या बाईंनी मांडलं, आमच्यापैकी कुणी नाही. "बस पकडून तंजावरला जाऊन कॉफी प्यायला वेळ होता," त्या म्हणाल्या, "पण सांगितलं कोणी नाही."

किनाऱ्यावर त्या वेळी कोण होतं? पुरुषांपैकी बरेच समुद्रात. खोल पाण्यात लाट जेट विमानाच्या वेगाने जाते, पण तिथे तिची उंची इतकी कमी असते की होडी जेमतेम हलते. ते वाचले, आणि परत आले तेव्हा गाव नव्हतं. किनाऱ्यावर होत्या होड्यांची वाट बघणाऱ्या बायका आणि क्रिकेट खेळणारी पोरं. बाईंनी आपली साडी खांद्यापासून घोट्यापर्यंत दाखवली, मग केस दाखवले. पाणी ओसरताना दोन्ही वेड्या बाभळीच्या काट्यांत अडकायचं. त्या स्वतः अशाच अडकल्या आणि त्यामुळेच ओढल्या गेल्या नाहीत. त्यांची जाऊ मात्र तशीच अडकली आणि बुडाली. बाभूळ एकच होती.

एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. भारतातला अधिकृत आकडा १०,७४९ मृत आणि ५,६४० बेपत्ता. सगळ्या देशांचा मिळून सव्वादोन लाखांच्या वर.

मी विचारलं, आता कळेल का? त्यांनी एप्रिल २०१२ ची गोष्ट सांगितली. तेव्हा सुमात्राजवळच पुन्हा ८.६ चा भूकंप झाला. दुपारची वेळ. या खेपेला हैदराबादच्या सुनामी इशारा केंद्राकडून इशारा आला, टीव्हीवर पट्ट्या आल्या, प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. "सगळं गाव पुलावर," बाई म्हणाल्या, "आणि पूल एकच." चेंगराचेंगरी होता होता राहिली. मोठी लाट आली नाही. त्या वेळी समुद्रतळाचे तुकडे एकमेकांना घासत आडवे सरकले होते. तळ वर उचलला गेला नाही की पाण्याला धक्का बसत नाही. हे शास्त्र मी सरांमार्फत सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा पूल कधी होणार?"

दुपारी त्यांच्या पुतण्याकडे जेवलो. मीन कुळम्बु, भात, तळलेले मांदेली. चिंचेचा कोळ इतका घट्ट की आपल्या आमसुलाची आठवणही होऊ नये. जेवण झाल्यावर काका अंगणात गेले ते परतलेच नाहीत. पाहिलं तर गोणपाटावर एक लाँगटेल इंजिन उघडलेलं, काका चष्मा कपाळावर चढवून नोझल उजेडात धरून पाहतायत, आणि पुतण्या पान्हे देतोय. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. सुई मागायला शब्द लागला नाही, काकांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली, ती आली. तासाभराने इंजिन फटफटलं. काकांच्या तळहाताला डिझेल लागलं होतं, ते त्यांनी चक्क हुंगलं.

२६ डिसेंबर

या दिवशी इथे कुणी होडी घेऊन समुद्रात जात नाही. ऊर पंचायत, म्हणजे मच्छिमारांची गावकी, तसं आधीच सांगून ठेवते, आणि मीनवर समाजात गावकीचा शब्द मोडत नाहीत. बंदर इतकं शांत होतं की होड्यांच्या बाजूला पाणी आपटल्याचा आवाज ऐकू येत होता.

मूक फेरी निघाली. पुढे बायका, काळ्या फिती लावलेल्या, हातात फुलं आणि दुधाची भांडी. आमच्या पुढे एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. तिच्या हातात स्टीलचा तूक्कु, म्हणजे आपली कडीची बरणी. बरणी जड होती. ती दर वीस पावलांवर हात बदलायची आणि दूध हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडायचं. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अर्धीच उरली. तिच्या आजीने तिला पाण्याच्या रेषेवर उभं केलं. दूध ओतलं तेव्हा समुद्र चहाच्या रंगाचा होता, पावसाचं पाणी येऊन मिळालेलं. पांढरी रेघ क्षणभर तशीच राहिली, मग लाटेने ती आडवी फाडली. मुलीने बरणी उलटी करून झटकली, शेवटचा थेंब निघेपर्यंत. आई घरी दुधाच्या पिशवीचं करते तसं.

मग बायका रडू लागल्या. वीस वर्षांनंतरचं रडणं तसं नसेल असं मला वाटत होतं. तसंच होतं. मी फोन पिशवीत टाकला, आणि तुम्हीही टाका. बाहेरून आलेल्या दोघांनी जवळ जाऊन फोटो काढले तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण सरांची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

काका पाण्यापर्यंत गेले नाहीत. मागे वाळूवर बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तेव्हा पौर्णिमा, आज एकादशी. यांनी तारीख धरली ते बरं केलं. तिथी फिरत राहते." आणि मग, वीस वर्षांत पहिल्यांदा, इंजिनांखेरीजचं काहीतरी सांगितलं. वाळूत इंजिन शोधायला खणायचे. दर वेळी इंजिनच लागायचं असं नाही. एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी वेळांकण्णीला. त्या रविवारी इथे नाताळासाठी आलेले यात्रेकरू किनाऱ्यावर होते, घरच्यांना कुठे आहेत हेही नीट माहीत नसलेले. स्मारकापाशी मेणबत्त्या, आणि तिन्ही धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक. वारा होता. मेणबत्ती विझली की शेजारचा आपली वाकवून पेटवून द्यायचा, ओळख नसली तरी.

तिथून परतताना सरांनी अन्नै सत्या बालगृहाची गोष्ट सांगितली. अनाथ झालेल्या मुलांसाठी तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, जे. राधाकृष्णन यांनी, ते पुढाकार घेऊन सुरू केलं. बदली होऊन गेल्यावरही ते मुलांना भेटायला येत राहिले. नागपट्टिणममध्ये कलेक्टरचं नाव असं प्रेमाने घेणारी माणसं भेटतात, हे मला तरी नवीन होतं.

रात्री लॉजवर टीव्ही लावला तर मनमोहन सिंग गेल्याची बातमी. सुनामी आली तेव्हा तेच पंतप्रधान होते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यांच्याच काळातला. नेमकी हीच तारीख. काकांनी आवाज बंद केला आणि बराच वेळ नुसती चित्रं पाहत बसले.

२७ डिसेंबर: दक्षिणेकडे, नालुवेदपति

वाटेत एका गावात, नाव सांगत नाही, चक्रीवादळ-सुनामी निवारा पाहायला थांबलो. इमारत छान. खांबांवर उचललेली, रुंद जिना, गच्चीवर जायची सोय. आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे? एकाकडे. तो कुठे? मेव्हण्याच्या लग्नाला, कुंभकोणमला. सरांनी तिथल्या पोरांना, शाळेत प्रश्न विचारावा तसा, विचारलं, "लाट आली तर?" एक पोरगा म्हणाला, "कुलूप तोडू." दुसरा म्हणाला, "गच्चीच्या पाइपाने चढू," आणि लगेच चढूनही दाखवलं. पोरांची तयारी पक्की होती, म्हणायची.

नालुवेदपति वेदारण्यम तालुक्यात. या गावाने २००२ मध्ये विक्रम करायचा म्हणून चोवीस तासांत ८०,२४४ रोपं लावली. दोन वर्षांनी सुनामी आली तेव्हा त्या झाडीने पाण्याचा जोर मोडला. आपल्या कोकण किनाऱ्यावर असतं तसं सुरूचं बन. आत शिरलं की वाऱ्याचा आवाज बदलतो, शिटी वाजल्यासारखा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गजा वादळ वेदारण्यमजवळ आदळलं आणि या पट्ट्यातली झाडं आडवी झाली. पुन्हा लावलेली सुरू अजून कोवळी आहेत, काकांच्या मनगटाएवढी.

झाडं सुनामी अडवतात का, यावर अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते खारफुटीमागची गावं वाचली. दुसरे म्हणतात, ती गावं मुळात उंचावर आणि किनाऱ्यापासून लांब होती म्हणून वाचली. मला विचाराल तर लावावीत. वादळाच्या वाऱ्याला आणि उडणाऱ्या वाळूला तरी अडवतातच. पण झाडं आहेत म्हणून पळायचं नाही असं कुणी ठरवू नये.

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते, सरांनी शाळेत वीस वर्षं घोकून घेतलं तेच. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, समुद्र अचानक मागे सरून तळ उघडा पडला, किंवा ट्रक आल्यासारखी घरघर ऐकू आली, यातलं एक जरी झालं तरी सायरनची वाट पाहायची नाही. आतल्या बाजूला नाहीतर उंचावर जायचं. लांब जाणं शक्य नसेल तर पक्क्या काँक्रीट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. नदी-खाडीच्या काठाने पळायचं नाही, पाणी त्याच वाटेने आत येतं. पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, म्हणून सामान न्यायला परत फिरायचं नाही. तास लागतात सगळं थांबायला. मात्र इथे २००४ मध्ये लोकांना घाबरवेल असा हादरा बसलाच नव्हता, भूकंप फार लांब होता. अशा वेळी निरोपावरच सगळं अवलंबून. फोनवर सरकारी 'सचेत' ॲप घेऊन ठेवा.

आणि हे फक्त पूर्व किनाऱ्याचं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या समुद्रात भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत पोहोचली होती आणि तिथेही माणसं वाहून गेली होती. हे मी सांगितलं तेव्हा काकांना माहीत नव्हतं. मलाही या सहलीची तयारी करतानाच कळलं.

२८ डिसेंबर: तरंगंबाडी, पिच्चावरम, नल्लवाडु

सरांची मुलगी पुदुच्चेरीला, म्हणून ते आमच्याबरोबर आले. तरंगंबाडीत डॅनिश लोकांनी १६२० मध्ये बांधलेला किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. शेजारचं मासिलामणिनाथाचं देऊळ समुद्राने अर्धं खाल्लंय, सुनामीच्या कितीतरी आधीपासून. पुढे पूम्पुहार. चोळांचं हे जुनं बंदर समुद्राने गिळलं, अशी कथा तमिळ माणूस लहानपणापासून ऐकतो. त्यासाठी भाषेत शब्दच आहे: कडल्कोळ, समुद्राने घेणं. सर म्हणाले, "शब्द होता आमच्यापाशी. अर्थ विसरलो होतो."

पिच्चावरमच्या खारफुटीत होडीने फिरायला सकाळी लवकर जावं. आम्ही दुपारी गेलो, रांगेत दीड तास गेला आणि होडीत बसताच पाऊस आला. त्यातही आत कालव्यांमध्ये, मुळांच्या कमानींखाली, पाणी हलत नव्हतं. बाहेर वारा सुटलेला आणि इथे थेंबांची वर्तुळं मोजता येत होती.

नल्लवाडुला संध्याकाळ झाली. पुदुच्चेरीजवळचं मच्छिमारांचं गाव. इथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानचं ज्ञानकेंद्र होतं. लाटांची उंची, हवामान, मासळीचे भाव अशी रोजची माहिती गावात भोंग्यावरून सांगितली जायची. २६ डिसेंबरला गावातल्याच, पण सिंगापूरला असलेल्या एका माणसाने टीव्हीवर बातमी पाहून घरी फोन केला. फोन घेणाऱ्यांनी केंद्राकडे धाव घेतली आणि त्याच भोंग्यावरून पुकारा झाला: पळा. साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव वाचलं. होड्या गेल्या, घरं गेली. आता हैदराबादला इन्कॉइस या सरकारी संस्थेचं सुनामी इशारा केंद्र आहे, २००७ पासून. समुद्रतळाशी दाब मोजणारी यंत्रं आहेत, काही मिनिटांत इशारा निघतो. पण नल्लवाडु वाचलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एक फोन होता आणि रोज वापरात असलेला भोंगा होता. रोज वापरात असलेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या कुलूपबंद निवाऱ्याची आठवण झाली.

चहाच्या टपरीवर बसलो होतो. सर कुणाशी तरी बोलत होते, काका बशीत चहा ओतत होते. एवढ्यात जवळच्या खांबावरचा भोंगा खरखरला आणि भरभर तमिळमध्ये काहीतरी सुरू झालं. काका उठले. बशी तशीच हातात, नजर समुद्राकडे. आजूबाजूला कुणी हललं नव्हतं. एक आजोबा तर बिडी पेटवत होते. काका मात्र सरांकडे पाहत उभेच.

"रेशनच्या दुकानात साखर आली म्हणतायत," सर म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. दोन किलो कार्डामागे."

काकांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा आजोबांच्या बिडीकडे, मग बसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.